गल्लीत कुणाला धरायचं नाही

आमच्या ठाण्याच्या साहेबांना पाठीमागे सगळे फूटपट्टी म्हणायचे. नाव मीच ठेवलेलं. उंच, सडसडीत माणूस, बसला तरी ताठ, उभा राहिला तरी ताठ, आणि बोलणं असं की शब्दांना जकात बसते की काय असं वाटावं. मी त्याच ठाण्यात हवालदार. दारातून आत आलं की पहिलं टेबल माझं. तक्रार ऐकायची, फोन घ्यायचे आणि आरडाओरडा करत येणाऱ्याला गप्प बसवायचं, ही माझी कामं. शेवटच्या कामात माझा हात धरणारं खात्यात कुणी नाही. भले भले दादा माझ्या टेबलापाशी आले की आवाज खाली घेतात.

साहेब शिपायापासून चढत चढत वर आलेले. खात्याची परीक्षा दोनदा नापास झालो, हे ते स्वतःच सांगायचे, तेही नवीन पोरं भरती झाली की सगळ्यांसमोर. वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, शाळेत गणित शिकवतात. एकदा डबा द्यायला ठाण्यात आल्या होत्या तेव्हा कुणीतरी आगाऊपणे त्यांना हे फूटपट्टीचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "घरी ती माझ्या हातात असते." तेव्हापासून त्या मला फार आवडतात. साहेब मात्र त्या दिवशी दुपारपर्यंत खोलीबाहेर आले नाहीत.

मी काही त्यांची भक्तीण नाही, हे आधी सांगून ठेवते. त्यांच्याशी माझे खटके उडाले आहेत. रजेवरून उडाले, पाण्याच्या पिंपावरून उडाले, आणि पुडीवाल्यांवरून तर कितीदा उडाले त्याला गणतीच नाही.

पुडीवाले म्हणजे पूड ओढणारे आणि टोचून घेणारे. आमच्या हद्दीत रेल्वेच्या पुलाखाली त्यांचा अड्डा होता. दर महिन्याला मुख्यालयात बैठक भरायची, पडद्यावर आकडे यायचे, कुठल्या ठाण्याने किती जणांना धरलं. पहिल्या ठाण्यासाठी टाळ्या. आमचं ठाणं कायम पहिलं, कारण पूल आमच्या हद्दीत. महिनाअखेर जवळ आली की गाडी काढायची, पुलाखालून माणसं भरून आणायची, की झालं काम. त्यांच्यात पळायचं बळ तरी कुठे असायचं? एक रंगारी होता. चांगला कारागीर, पण पुडीने पार वाटोळं झालेलं. त्याला इतक्यांदा आणला होता की कोठडीत शिरला की तो न सांगता पंख्याखालची जागा धरायचा. मी म्हणायची, आता याला कोठडीची किल्लीच देऊन टाका.

मग एका सकाळी बसस्थानकाच्या मुतारीत एक माणूस मेलेला सापडला. हातात सुई तशीच. त्याच्याबरोबर रंगारी होता, हे पाणीवाल्याने पाहिलेलं. रंगाऱ्याला आणला. माझ्याच टेबलासमोर उभा. साहेब बाहेर आले आणि त्यांनी त्याला विचारलं, "तो तुझ्यासमोर पडला. समोर रुग्णवाहिकेचा नंबर रंगवलेला आहे, तूच रंगवला असशील. फोन का नाही केलास?"

रंगारी म्हणाला, "साहेब, फोन केला की तुम्ही येता."

बोलण्यात खोच वगैरे काही नव्हती. पाऊस आला की छत्री लागते, तसं त्याने सांगितलं. साहेब म्हणाले, "याला चहा द्या आणि सोडून द्या." मी चहा दिला. सोडून द्यायचं मात्र मला पटलं नाही, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि खोलीत गेले. हे त्यांचं नेहमीचं. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि मनात असेल तेच करायचं.

बाजारामागच्या गल्लीत सरकारी दवाखाना आहे, व्यसन सोडवायचा. दोन खोल्या, बाहेर एक लांब बाक. डॉक्टरीणबाई सकाळी नऊला उघडतात. जिभेखाली ठेवायची एक गोळी देतात, ती विरघळेपर्यंत समोर बसवून घेतात, म्हणजे कुणी तोंडातून काढून बाहेर विकू नये. त्या गोळीने अंगाची तडफड थांबते, माणूस कामावर जाऊ शकतो. रोज यावं लागतं, महिनोन् महिने. साहेबांनी ठरवलं की ओढणाऱ्याला धरून कोठडीत टाकण्यापेक्षा इथे पाठवायचं, आणि धरायचं ते विकणाऱ्याला. इथवर ठीक. पण आम्ही पडलो पोलीस. आम्ही एखाद्याला मदत करायची म्हटली तर काय करणार? बंदोबस्त लावणार.

लावला. दवाखान्याच्या दारात खुर्ची टाकून एक शिपाई बसवला, डॉक्टरीणबाईंच्या संरक्षणासाठी. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली, म्हणजे पुडी विकणारे फिरकायला नकोत. वर कॅमेराही बसवला. साहेब स्वतः पहिल्या दिवशी कडक गणवेशात दारात उभे राहिले, येणाऱ्यांचं स्वागत करायला. आठवडाभर ते बाक रिकामं होतं. शिपाई म्हणाला, एक मांजर तेवढी येऊन बसायची.

डॉक्टरीणबाई तरातरा माझ्या टेबलाशी आल्या. बुटक्याशा, चष्मा डोक्यावर. म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना सांगा, माझ्यावर एवढे उपकार करा, मला मदत करू नका."

साहेब आतून ऐकत होतेच. बाहेर आले. बाईंनी त्यांना तिथेच, सगळ्यांच्या देखत फैलावर घेतलं. एकेक माणूस विनवण्या करून जमवला होता, तो तुमच्या टोपीला बघून पळाला, म्हणाल्या. साहेबांचे कान लालबुंद. मला आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू. पण साहेब म्हणाले, "चूक झाली. काय करू ते सांगा." आमच्या खात्यात इतक्या वर्षांत मी हे वाक्य वरच्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी शिपाई उठवला, गाडी हलवली, कॅमेरा उतरवला. मग साधा सदरा घालून रंगाऱ्याला बरोबर घेतलं आणि पुलाखाली गेले. परत आल्यावर आम्हाला सगळ्यांना बोलावून सांगितलं, "मी त्यांना शब्द दिलाय. दवाखान्यात येताना, तिथे बसलेलं असताना आणि तिथून जाताना माझा माणूस कुणालाही हात लावणार नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही."

लोक येऊ लागले. आधी रंगारी, मग त्याचे दोस्त, मग असे काही की आम्ही तोंडात बोटं घातली. बँकेतला कारकून, एक सुईण, एक गाणं शिकवणारा. इकडे बैठकीत आमचं ठाणं धाडकन तळाला. वरचे साहेब, म्हणजे आमच्या साहेबांचे साहेब, सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हो, संन्यास घेताय की काय?" हशा पिकला. टाळ्या दुसऱ्या ठाण्याला.

आता माझं सांगते. माझा धाकटा भाऊ कारखान्यात लेथवर काम करतो. एकदा पाठीत उसण भरली, त्यावर दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, गोळ्या सुटेनात, आणि गोळ्यांवरून गडी पुडीवर गेला. घरात पोलीस, आणि पोलिसाला पत्ता नाही. खरं तर घरात पोलीस होती म्हणूनच पत्ता लागू दिला नाही. भावजयीने शेवटी मला फोन करून सांगितलं. मी तशीच त्याच्या घरी गेले. आधी कानफटात मारली. मग दोघं रडलो. मग मी त्याला दवाखान्याचं सांगितलं.

तो म्हणाला, "ताई, तिथे पोलीस धरत नाहीत हे खरं का?"

"साहेबांनी शब्द दिलाय."

"तुझे साहेब कसे आहेत?"

"तुसडे आहेत," मी म्हटलं, "पण बोलले की बोलले."

त्यावर तो गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला, हाताची थरथर गेली, कारखान्यात परत घेतलं. भावजय मला रोज सकाळी फोन करून एवढंच सांगायची, "गेलेत." तो फोन येईपर्यंत माझा जीव टांगणीला. ठाण्यात मी कुणालाही काही बोलले नाही. ज्यांच्यावर इतकी वर्षं तोंडसुख घेतलं, त्यांच्यातलाच एक माझ्या पाठचा, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते?

अशात बाजारात खराब पूड आली. त्यात काहीतरी मिसळलेलं होतं. माणसं पटापट पडायला लागली. काही वाचली, काही नाही. ती विकणारा एकच, त्याला सगळे काडेपेटी म्हणत, कारण तो काडेपेटीत पुड्या घालून द्यायचा. राहायचं ठिकाण माहीत नाही, रोज नवी जागा, रोज नवी दुचाकी. आम्ही हात धुऊन मागे लागलो होतो, आणि गडी पाऱ्यासारखा निसटत होता.

आणि एके दिवशी आमच्या एका शिपायाने साध्या कपड्यात बाजारातून येताना काडेपेटीला पाहिलं. कुठे? दवाखान्याच्या बाकावर. विकता विकता स्वतःच अडकला होता, आणि आता सुटायला गोळी घ्यायला येत होता. सलग तीन सकाळी आला.

बातमी वर जायला कितीसा वेळ लागतो? वरच्या साहेबांचा फोन माझ्याच टेबलावर आला, मीच आत जोडून दिला. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. "हो सर. माहीत आहे सर. नाही सर." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग साहेब म्हणाले, "तुमचं पथक पाठवा सर, तुमचा अधिकार आहे. मी गल्लीच्या तोंडाशी उभा असेन. आधी मला बाजूला करावं लागेल." पुन्हा ऐकणं. "हो सर, ते माझ्या डोक्यावर."

बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. आम्हाला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "बोला. मनात आहे ते बोला."

तरुण फौजदार म्हणाला, "साहेब, उद्या नऊला जिभेखाली गोळी धरून बसलेला असेल. हातातोंडाशी आलेला घास आहे. आणि आपण सोडला तर तो विकत राहणार. माणसं मरतील त्याचं काय?" तो काही चुकीचं बोलत नव्हता. दुसरा म्हणाला, "निदान तिथून निघाल्यावर मागे माणूस लावू."

"जाताना म्हणजे जातानाही," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही आज गप्प कशा?"

मला वाटलं, बोलू नये. पण जीभ कुठली ऐकते. मी म्हणाले, "साहेब, माझा धाकटा भाऊ त्या बाकावर बसतो. रोज."

साहेब म्हणाले, "मला माहीत नव्हतं." मग म्हणाले, "बाई, तुमच्या भावासाठी म्हणून मी नकार देत नाहीये. तो तिथे नसता तरी हेच सांगितलं असतं. उद्या त्या दारात एकाला धरला, की परवा तिथे कुणी येणार नाही. मग ते पुन्हा मुताऱ्यांत सापडतील. काडेपेटीला दुसरीकडे शोधा. आजपासून कुणाला रजा नाही, मलाही नाही."

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की माझी मलाच शरम वाटली. फौजदाराने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पथक आलं नाही. वरच्या साहेबांनी हात झटकले, आणि साहेबांची निवृत्तीआधीची शेवटची बढती, जी पुढच्याच महिन्यात व्हायची होती, ती बारगळली. वहिनींना कळलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं म्हणे, "शब्द दिला होतात ना?" आणि वाढायला घेतलं. आम्ही मात्र शहर पालथं घातलं. गॅरेज, गोदामं, लॉज, दुचाक्या भाड्याने देणारे. साहेब आमच्याबरोबर पायी. शेवटी एका न्हाव्याच्या दुकानात, तोंडाला फेस लावलेला असताना, काडेपेटी सापडला. बाकावर दिसला होता त्यानंतर आठवडा गेला होता.

त्या आठवड्यात एक जण मेला. शिंप्याचा मुलगा, लग्न झालेला, घरोघर सामान पोचवायचं काम करायचा. काडेपेटीने कबूल केलं की पुडी त्यानेच दिली होती, आणि कधी दिली तेही सांगितलं. ज्या सकाळी आम्ही त्याला बाकावरून उचलू शकलो असतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

ठाण्यात सगळे एकदम कामात बुडाले. साहेब खोलीतून बाहेर आले, टोपी हातात. मला म्हणाले, "मी त्या शिंप्याकडे जातोय. तुम्ही आलात तर बरं होईल. नाही आलात तरी चालेल."

"कशाला जायचं साहेब? त्यांना कुठे माहीत आहे?"

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

शिंप्याचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. शिलाई यंत्र, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले अर्धवट कपडे, कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं. मागे पडदा, पडद्यापलीकडे घर. शिंपी यंत्राशी बसलेला होता, पण शिवत नव्हता. आम्हाला बघून उठला, दोन स्टुलं पुढे केली. साहेब बसले नाहीत.

उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. काडेपेटी कुठे दिसला होता, कधी दिसला होता, वरून हुकूम काय आला होता, आणि आपण नाही का म्हणालो. काही गाळलं नाही, काही सावरून घेतलं नाही. शेवटी म्हणाले, "मी त्या दिवशी धरला असता तर तुमचा मुलगा त्या पुडीने गेला नसता. हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आलो."

शिंपी यंत्राच्या चाकावर हात ठेवून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे तुमचा शब्द राहिला."

"हो."

"आणि माझा मुलगा गेला."

त्या खोलीतून पळून जावंसं वाटत होतं मला. पण त्या माणसापुढे साहेबांना एकट्याला उभं ठेवणं मला जमलं नाही. मी म्हणाले, "दादा, त्या बाकावर माझा भाऊ बसलेला होता. त्या दिवशी तिथे पोलीस शिरले असते तर तो पळाला असता. मग आज तुमच्या जागी मी असते. मला त्याचं बरं वाटलं होतं, आणि आता तुमच्यापुढे उभं राहवत नाही. मला काय बोलायचं ते बोला, साहेबांना नको."

शिंप्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "आता तो कसा आहे?"

"कामावर जातो."

"रोज?"

"रोज. सकाळी गोळी घेतो आणि जातो."

तो खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला वाटलं, आता हा आम्हाला बाहेर काढणार, आणि काढलं असतं तरी मी चकार शब्द काढला नसता. पडद्यामागे भांडं पडल्याचा आवाज आला. त्याने तिकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"माझी सून आत आहे," तो म्हणाला. "तीही घेते. दोघं बरोबरच घ्यायची. त्या दिवशी तिने थोडी कमी घेतली, म्हणून राहिली. शेजाऱ्यांना माहीत नाही, तिच्या माहेरी माहीत नाही. कालपासून तिचं अंग मोडतंय, ती बाहेर जायला बघतेय, आणि मी दाराला कडी लावून बसलोय. कडी किती दिवस लावू?" मग साहेबांकडे बघून त्याने विचारलं, "तिला तिथे आणली, तर धरणार नाही ना?"

"नाही," साहेब म्हणाले.

"वरून हुकूम आला तरी?"

"तरी नाही."

"मी कसं मानू?"

या प्रश्नाचं उत्तर शिंप्यालाच सगळ्यात चांगलं माहीत होतं, शब्द पाळला गेला म्हणूनच त्याचा मुलगा गेला होता, आणि ते साहेबांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. शिंप्याला ते उमगलं. त्याचा चेहरा असा वेडावाकडा झाला की मी नजर वळवली. मग तो म्हणाला, "उघडतं किती वाजता?"

"नऊला," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी साडी नेसून बाजारात भाजी घ्यायला म्हणून थांबले. शिंपी आला. सून मागे, डोक्यावरून पदर ओढून, भिंतीला धरत चालत होती. गल्लीच्या तोंडाशी तिचे पाय अडले, ती आत जाईना. सासऱ्याने मागे वळून हात पुढे केला, आणि तिने तो धरला. साहेब समोरच्या पानाच्या टपरीशी साध्या सदऱ्यात उभे होते. शिंप्याला ते दिसले. त्याने मान हलवली नाही, हात जोडले नाहीत, काही नाही. साहेबांना त्याने माफ केलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण तो सुनेला घेऊन आत गेला.